वाढत्या वयाची मुले आणि घरचा फोनखर्च

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आपण खते, बियाणे आणि पाणी यांविषयी तज्ज्ञांची व्याख्याने ऐकली. आता माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना हसू येईल. घरातले चौदा ते अठरा वर्षांचे मूल फोनवर पैसे घालवते, त्याला आवर कसा घालावा, हा विषय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात कशाला? पण प्रश्नोत्तरांच्या वेळी कीडरोगांच्या खालोखाल हाच प्रश्न पुढे येऊ लागला आहे, आणि तो बहुधा भगिनीच विचारतात. घरखर्चाची तोंडमिळवणी त्यांनाच करावी लागते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीची नोंद फोनवरून होते. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, दुधाच्या पगाराचा संदेश, विहिरीवरची मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर, सगळे फोनवर आले. मुलांचा अभ्यासही काही अंशी त्यावरच असतो. त्यामुळे ‘फोनच काढून घ्या’ हा सल्ला द्यायला सोपा असला तरी तो पाळला जात नाही. रागाच्या भरात फोन कपाटात ठेवायचा आणि आठ दिवसांनी विम्याचा अर्ज भरायला त्याच पोराला हाक मारायची, असे घरोघर होते.

कुलपाचा अनुभव

ज्यांच्या घरी १९९० च्या सुमारास तबकडीचा फोन होता त्यांना आठवत असेल, तबकडीच्या भोकात अडकवायचे एक बोटभर कुलूप तेव्हा बाजारात मिळे. वडील ते लावून किल्ली खिशात घालून शेतावर जात. पण फोन ठेवण्याच्या खटक्यावर मोजून टिचक्या मारल्या की तबकडी न फिरवताही आकडा लागतो, हे मुलांना फार लवकर समजले. पुढे बटणांचे फोन आले, गुप्त अंक टाकून एसटीडी बंद ठेवण्याची सोय झाली. मुलांनी गुप्त अंकही शोधले. तो बहुतेक वेळा वडिलांच्या गाडीचाच नंबर असे!

तरीही त्या काळात एक सोय होती. दूरध्वनी खात्याचे बिल दोन महिन्यांनी येई. कागद एक, आकडा एक, आणि घरातले भांडणही एकाच दिवसाचे. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि बहुतेक घरांतून बिलाचा कागद नाहीसा झाला. खर्च मात्र नाहीसा झाला नाही. २०२४ च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर तो पुन्हा जाणवू लागला आहे. तो आता तुकड्यातुकड्यांनी जातो, म्हणून दिसत नाही. पाट फुटला तर रात्रीतून गावभर कळते. घुशीने पोखरला असेल तर शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी कमी का येते, हे हंगाम संपेपर्यंत उमगत नाही.

एक साधा हिशोब करून पाहू. ‘‘आई, नेट संपलं, वीस रुपयांचं मार ना,’’ असे मूल म्हणते. आई नाही म्हणत नाही, कारण वीस रुपये म्हणजे काही फार नव्हेत. समजा असे आठवड्यातून तीनदा झाले. आठवड्याला साठ रुपये आणि वर्षाला ३,१२० रुपये होतात. युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर यात अकरा गोण्या येतात. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना धरली तर दोन गोण्या येऊन वर ४२० रुपये उरतात. हा फक्त जादा नेटचा हिशोब झाला. मूळ रिचार्ज यात धरलेला नाही, आणि ज्या खर्चाने घर खरे अडचणीत येते तो खर्चही नाही.

आधी गळती शोधावी

मुलाला बोल लावण्यापूर्वी पैसे नेमके कोठे जातात हे पाहावे. एका संध्याकाळी जेवणे उरकल्यावर बँकेचे पासबुक भरून आणलेले असावे, फोनवर यूपीआयचा जुना व्यवहार उघडावा आणि मागच्या तीन महिन्यांची नोंद वहीत उतरवावी. तारीख, रक्कम आणि कशासाठी, एवढे तीनच रकाने पुरतात. लिहायला मुलालाच बसवावे. स्वतःच्या हाताने बेरीज मांडल्यावर बरीचशी मुले आपोआप गप्प होतात, असे पाहण्यात आहे. त्या संध्याकाळी रागवायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे. रागावलात तर पुढचा व्यवहार वहीत येणार नाही.

जादा नेटचा खर्च असेल तर तो आटोक्यात आणणे सोपे आहे. कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला, हे फोनच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. त्यामुळे ‘अभ्यासाला लागते’ आणि ‘कसला अभ्यास’ हा वाद घालण्याचे कारण उरत नाही. बहुतेक डेटा आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि ॲपची अद्ययावत करणी यांत जातो. व्हिडिओचा दर्जा खाली आणला आणि ‘आपोआप चालू’ बंद केले तर फरक पडतो. रोजच्या मर्यादेचा पॅक असेल तर त्या दिवशी न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातो. म्हणून अभ्यासाचे व्हिडिओ रात्री उरलेल्या डेटावर उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेटशिवाय पाहायचे. हे मुलांना सांगितले की पटते, कारण यात त्यांचे काही काढून घेतले जात नाही.

कॉलर ट्यून, क्रिकेटची बातमी, राशिभविष्य अशा सेवांपोटी शिलकीतून पैसे कापले जात असतील तर १५५२२३ या विनाशुल्क क्रमांकावरून त्या बंद करता येतात. अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेण्याचे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. तरीही खेळता खेळता पोरे दोन्ही वेळा ‘ओके’ दाबतात, हेही तितकेच खरे.

पोस्टपेड जोडणी असेल त्यांनी कंपनीकडून उधारीची मर्यादा कमी करून घ्यावी आणि परदेशी कॉल बंद ठेवावेत. काही पोस्टपेड जोडण्यांत ॲपमधली खरेदी थेट बिलात चढवण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी. आपल्याकडे पोस्टपेड घरे थोडी आहेत, म्हणून यावर अधिक वेळ घेत नाही.

आता मोठ्या गळतीकडे वळतो. ती दोन प्रकारची आहे. पहिली म्हणजे ‘पहिला महिना एक रुपया’ अशा जाहिरातींची. सिनेमा-मालिकांचे किंवा शिकवणीचे एखादे ॲप एक रुपयात सुरू होते, आणि ते सुरू करताना दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली जाते. तिला ऑटोपे म्हणतात. एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिन लागत नाही. पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी संदेश येतो, पण तो बहुधा इंग्रजीत असतो आणि कोणी वाचत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा वेगळा भाग असतो. तो उघडून एकेक नोंद पाहावी आणि नको ती रद्द करावी. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे परवानगी रद्द झाली, असे होत नाही.

दुसरी गळती खेळांची. हे खेळ घ्यायला फुकट असतात. खेळात रंगल्यावर हिरे, नाणी, बंदुका, पोशाख विकत घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तरी खेळता येते, पण मित्रांच्या टोळीत मान राहत नाही. गावच्या पारावरची ईर्षा आता तिथे गेली आहे. एका वेळी तीस रुपये, ऐंशी रुपये असे करत रक्कम हजारांत जाते. यूपीआय लाइट सुरू असेल तर हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिनही लागत नाही. त्यात पाच हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि ती संपत आली की आपोआप भरण्याचीही सोय असते. दुकानात चहा-साखरेचे पैसे देण्यासाठी ही सोय उत्तम आहे. मुलाच्या हातात असलेल्या फोनवर ती नसावी. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक खरेदीला पडताळणी’ हा पर्याय असतो, तो चालू करावा. फोनच्या कुलपात मुलाच्या बोटाचा ठसा नोंदलेला असेल तर तो काढावा, नाहीतर त्याच ठशाने पुढची कुलपेही उघडतात.

पैसे लावून खेळायचे खेळ ही याच्याही पलीकडची गोष्ट आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे पैशांचे व्यवहार यांवर बंदी घातली आहे. कायद्यातील शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे मुलाला मुद्दाम सांगावे. ‘पोलीस धरून नेतील’ अशी भीती असलेले मूल बोलत नाही, आणि ते न बोलण्यावरच अशा लिंक पाठवणाऱ्यांचा धंदा चालतो.

खाते वेगळे, सिम वेगळे

येथपर्यंत सांगितलेले सर्व केले आणि पुढची गोष्ट केली नाही, तर उपयोग थोडाच होईल.

पीएम-किसानची नोंदणी, बँक, दूध संस्था, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक या सर्व ठिकाणी आपण एक मोबाइल नंबर दिला. कोणता? घरात ज्याच्याकडे चांगला फोन होता त्याचा. म्हणजे बहुतेक घरांत मुलाचा. फॉर्म भरणाराही तोच होता, यूपीआय सुरू करून देणाराही तोच, आणि पिन त्यालाच ठाऊक, कारण तो त्यानेच ठरवून दिला. दर दहा दिवसांचा दुधाचा पगार, सरकारी अनुदानाचे दोन हजार, कधी पीककर्जाची रक्कम, हे सारे ज्या खात्यात येते त्याची किल्ली आपण पंधरा वर्षांच्या मुलाच्या खिशात ठेवली आहे. त्याने ती वापरली तर सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. आपण धान्याच्या कोठाराची किल्ली अशी सोपवत नाही.

अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही. म्हणजे त्याच्या फोनमधले सिम आईच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावरून जे होईल त्याची जबाबदारी त्यांचीच आहे. आपल्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेवर पाहता येते. पाहून घ्यावे, कधीकधी चौथे-पाचवे सिम निघते.

यावर उपाय असा. बँकेत, दूध संस्थेत आणि बाकीच्या ठिकाणी दिलेला नंबर बदलून स्वतःजवळच्या फोनचा द्यावा. ओटीपी आणि जमेचा संदेश यायला साधा बटणांचा फोनही पुरतो. बँकेत यासाठी स्वतः जावे लागते, एक अर्ज भरावा लागतो. त्यात अर्धा दिवस मोडेल, पण तो मोडू द्यावा. यूपीआयचा पिन नव्याने ठरवावा आणि तो स्वतःच्या हाताने टाकावा. वाचता-लिहिता न येणाऱ्या घरच्या माणसालाही चार-सहा आकडे ओळखता येतात, त्याला मुलावर अवलंबून ठेवू नये. पीककर्जाचे पैसे ज्यात येतात ते खाते तर यूपीआयला जोडूच नये. रोजच्या खर्चाला दुसरे बचत खाते असावे.

मुलाच्या खर्चासाठी त्याचे स्वतःचे खाते काढून द्यावे. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतंत्रपणे खाते चालवता येते. मर्यादा त्या त्या बँकेच्या असतात. अज्ञान मुलाच्या खात्यावर उधारी दिली जात नाही, शिल्लक संपली की व्यवहार थांबतो. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी २०२४ च्या ऑगस्टपासून ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आली आहे. त्यात मुलाने पैसे देण्याची विनंती केली की ती आपल्या फोनवर येते, आपण मान्य केली तरच पैसे जातात. पूर्ण मोकळीक देण्याचाही पर्याय त्यात आहे, त्याची मर्यादा महिन्याला १५,००० रुपये आहे. तो पर्याय मुलासाठी निवडू नये.

मुलाशी बोलताना

फोनखर्चाची एक रक्कम घरात सर्वांसमक्ष ठरवावी. किती ठरवावी, हे मी सांगू शकत नाही. दोन म्हशींवर चालणारे घर आणि दहा एकर द्राक्षबाग असलेले घर यांचा आकडा एक असणार नाही. रक्कम ठरली की मूळ रिचार्जसह ती एकदम त्याच्या खात्यात टाकावी आणि महिनाभर त्यात ढवळाढवळ करू नये. विसाव्या दिवशी संपली तर दहा दिवस नेटविना काढू द्यावेत. आजीने चोरून रिचार्ज मारायचा नाही, हे आजीलाही सांगावे लागते. वाचले तर वाचलेले पैसे त्याचेच. वाचलेली रक्कम पुढच्या महिन्यात कापून घेणारे वडील मुलाला उधळायला शिकवतात, असे माझे मत आहे.

आई-वडिलांचा फोनही वहीत यावा. रात्री दोन-दोन तास व्हिडिओ पाहणाऱ्या बापाने मुलाचा डेटा मोजणे शोभत नाही, आणि मुले ते तोंडावर बोलली नाहीत तरी मनात धरतात.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. खर्च वाढला की पहिल्यांदा मुलीचा फोन बंद होतो. मुलगा खेळात हजार रुपये घालवतो तेव्हा ‘पोरगं आहे, चालायचंच’, आणि मुलीने मैत्रिणीला तासभर फोन केला की घरात चौकशी सुरू होते. वास्तविक अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये तासभर बोलण्याचा जादा पैसा लागतच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, परीक्षेचा निकाल हे सारे तिलाही फोनवरच पाहायचे असते. खर्चाचे नाव पुढे करून संशयाचा हिशोब चुकता करू नये. वहीतल्या आकड्यांत कोणाचा खर्च किती ते लिहिलेले असते, निर्णय त्यावरून व्हावा.

पैसे गेलेच असतील तर

प्ले स्टोअरवरची खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. ती प्रत्येक वेळी मान्य होईलच असे नाही, पण उशीर केला तर आशा आणखी कमी होते. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. उद्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाऊ तेव्हा पाहू, असे म्हणू नये. पहिल्या काही तासांतच ती रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता असते.

अशा वेळी मुलाला मारू नये. हे मी दयेपोटी सांगत नाही. घरातले वीस-तीस हजार गेले, ते आपल्यामुळे गेले आणि आता वडिलांना तोंड कसे दाखवावे, या भीतीने मूल आणखी खोल जाते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी ते पुन्हा पैसे लावते, कर्ज देणाऱ्या ॲपकडे जाते, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारापर्यंत पोहोचते. कापूस किंवा कांदा पुढच्या हंगामी पुन्हा होईल. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवत नसले, रात्री जागत असले तर पैशांचा विषय त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा आणि जवळ बसावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

भाषण संपण्यापूर्वी एका बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे. विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये घातलेल्या सिमला नेटसह महागडा पॅक मारावा लागतो, आणि मुलगा ते सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो. मग रात्रीची वीज आली तरी मोटर सुरू होत नाही, असे ते म्हणतात. नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये केलेल्या नियमामुळे कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस यांचे पॅकही ठेवावे लागतात. २०२५ च्या जानेवारीपासून ते मिळू लागले आहेत आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. कॉलवर किंवा एसएमएसवर चालणाऱ्या स्टार्टरला नेट लागत नाही, तेव्हा आपल्या कंपनीकडे या पॅकची चौकशी करावी. त्या सिममध्ये नेटच नसले की मुलालाही ते काढून न्यावेसे वाटणार नाही.